डोंगर त्रिकोणी नसतो

सोलापूर जिल्ह्यातल्या नातेपुत्याच्या चौथीतल्या एखाद्या पोराला कागद आणि खडूंची पेटी देऊन ‘निसर्गचित्र काढ’ म्हटलं, तर पाच मिनिटांत काय उतरेल हे सांगायला ज्योतिषी नको. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यातून डोकं काढणारा केशरी सूर्य, तिथूनच निघून थेट कागदाच्या खालच्या कडेला येणारी निळी नदी, नदीकाठी कौलारू झोपडी आणि झोपडीवर वाकलेला नारळ. आभाळात चार-पाच पाखरं, बरोबरच्या खुणेसारखी. हेच चित्र कोकणातलं पोर काढतं, नागपूरचं काढतं आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या चित्रकला स्पर्धेला बसलेलं पोरही काढतं.

आता याच पोरानं मान वर करून बघितलं तर? गावाच्या नैऋत्येला महादेवाची डोंगररांग दिसते, शिखर शिंगणापूरची. चैत्रात मुंगी घाटातून कावडी वर चढतात, ती रांग. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि दख्खनचं पठार तयार झालं. त्यामुळे इथल्या डोंगरांचे माथे सपाट आणि अंगावर पायऱ्या. भूगोलाच्या पुस्तकातल्या ‘डेक्कन ट्रॅप’मधला ‘ट्रॅप’ हा शब्दही स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलेला आहे. त्रिकोण शोधून सापडत नाही. सूर्य डोंगराच्या बेचक्यातून उगवत नाही, तो उगवतो नेमका उलट बाजूनं, माळशिरसच्या दिशेच्या सपाट रानातून. नीरा नदी राहिली दूर उत्तरेला. शिवार हिरवं करतो तो नीरेचा उजवा कालवा, आणि तो कागदावर काढायचा तर सरळ पट्टीनं काढावा लागेल. नारळ एखाद्या बंगल्याच्या दारात. बांधावर आहेत त्या बाभळी, लिंब, हिवर आणि चिंचा.

मुलाला डोंगर काढायला शिकवलेलं असतं. बघायला मात्र कुणी नेलेलं नसतं. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांसाठी निसर्ग आणि कला यांची दिवसाची शिबिरं घ्यायची असतील, तर सुरुवात या एका गोष्टीपासून करावी लागते.

शिबिर हा शब्द गावाला नवा नाही. नातेपुते हे ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामाचं गाव. फलटणनंतर बरड, बरडनंतर नातेपुते, आणि पुढे माळशिरसच्या वाटेवर पुरंदावड्याला गोल रिंगण. या वाटेवरच्या गावांत मे महिन्यात ‘वारकरी बालसंस्कार शिबिर’ असे फलक लागतात. पोरं पांढरी टोपी घालून हरिपाठ, गीतेचे अध्याय, मृदंगाचे बोल आणि पावल्या शिकतात. शहरी पालकांना हे आपल्या ‘समर कॅम्प’पेक्षा वेगळं काही वाटेल, पण दहा वर्षांचं पोर तासभर मृदंगावर हात बसवतं तेव्हा ते कलाशिबिरच असतं. गावात अशा गोष्टीसाठी मुलं पाठवायची सवय आहे, मंदिराचा मंडप मोकळा असतो, चहा-नाष्ट्याला हात लावणारी माणसं आहेत. नव्यानं उभं करायचं आहे ते फार थोडं.

शहरातल्या शिबिरांची गोष्ट निराळी. एप्रिल लागला की खांबाखांबावर जाहिराती: नृत्य, अबॅकस, रोबोटिक्स, व्यक्तिमत्त्व विकास, आणि यादीच्या शेवटी ‘निसर्गभ्रमंती व हस्तकला’. त्यातली हस्तकला म्हणजे बहुतेक वेळा दुकानातून आणलेला संच: थर्माकोलचा गोळा, चिकटवायचे डोळे, चमकीची पूड. आणि भ्रमंती म्हणजे बसनं जाऊन शेततळ्याकाठी हुरड्याशिवायची हुरडा पार्टी. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि सामूहिक फोटो. दोघं नोकरी करणाऱ्या आईबापांना मुलं सुरक्षित कुठेतरी ठेवायची असतात, ही गरज खोटी नाही. पण हा नमुना जसाच्या तसा तालुक्याच्या गावात आला, की ज्याच्या परसात चिंच आहे ते पोर प्लॅस्टिकचं झाड चिकटवत बसतं.

मुलांना सुटीत बाहेर नेऊन शिबिर घ्यायची रीत अमेरिकेत फार जुनी. कनेक्टिकटमधल्या फ्रेडरिक गन या शाळाचालकानं १८६१ साली आपल्या शाळेतल्या पोरांना चालवत समुद्रकाठी नेलं आणि तंबूत मुक्काम करवला. ते यादवी युद्धाचं वर्ष होतं. पोरांनाही सैनिकांसारखं कूच करायचं होतं. मुक्कामी शिबिराची ही कहाणी तिथे कौतुकानं सांगतात. दिवसाचं शिबिर मात्र मुळात वेगळं. सकाळी जायचं, जेवायच्या वेळेला घरी यायचं. आपल्याकडे त्याला जवळचं काही शोधायचं तर ते बालभवनात सापडतं. दिल्लीतलं बालभवन १९५६ साली पंडित नेहरूंच्या कल्पनेतून सुरू झालं. मुंबईत चर्नी रोडला जवाहर बालभवन आहे. पुण्यात सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनाला शोभा भागवत यांनी अनेक वर्षं आकार दिला. मुलांनी यावं, मातीत-पाण्यात खेळावं, रंगवावं, गावं, आणि पहिला-दुसरा नंबर या भानगडीत पडू नये, असा तिथला रिवाज.

पण नातेपुत्यासारख्या गावाला शिकण्यासारखं खरं काही आहे ते पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, या विचारातून ‘अंगणवाडी’ आली. त्याहून थोडी मोठी वारली मुलं तर सकाळी गुरं घेऊन रानात जायची. त्यांना शाळेची वेळ जमणार कशी? मग शाळाच कुरणात गेली. तिचं नाव ‘कुरणशाळा’. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली बसली आहेत आणि मोजायला खडे, बिया, पानं, काटक्या आहेत. महागडी माँटेसोरी साधनं परवडत नव्हती, म्हणून रानातल्या वस्तूंतून साधनं घडली. लाकडी ठोकळ्यांनी शिकायचं ते शिंपल्यांनी आणि पानांनी शिकता येतं हे तिथे रोजच्या कामात दिसलं. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. कुरणशाळेतल्या पोरांना त्याचा पत्ता असेल-नसेल.

माळशिरस तालुक्याच्या कोरडवाहू बाजूला आजही शेरडं-मेंढरं राखणारी पोरं आहेत. गावातल्या शिबिराला ‘प्रवेश’ घेऊन येणं त्यांना जमणार नाही. पण शिबिरच जर सकाळी माळावर जाणार असेल, तर ती पोरं तिथे आधीच हजर असतात. आणि तिथे शिकवायला कोण, शिकायला कोण हा प्रश्न जरा उलटाच होतो. होला कुठल्या काटेरी झुडपात बसतो, घोरपड कुठल्या बिळात शिरते, कुठलं गवत मेंढरू तोंडात धरत नाही, हे चौथीच्या पुस्तकात नाही. मेंढक्याच्या पोराला ते ठाऊक असतं.

कोसबाड लांबचं झालं. पालखीच्या दोन मुक्कामांएवढ्या अंतरावर, जेमतेम ४० किलोमीटरवर फलटण आहे. तिथे ऐंशीच्या दशकात डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी ‘प्रगत शिक्षण संस्था’ आणि कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी केली. मॅक्सीनमावशी जन्मानं अमेरिकन, भाषाशास्त्राच्या अभ्यासक. फलटणला आल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि मराठीत मुलांना वाचायला-लिहायला कसं शिकवावं यावर आयुष्य खर्ची घातलं. शाळेला ज्यांचं नाव आहे त्या कमलाबाई निंबकरही मूळच्या अमेरिकेच्या. हातांना काम देऊन माणसाला बरं करायची जी ‘ऑक्युपेशनल थेरपी’, तिचं भारतातलं पहिलं शिक्षण त्यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू केलं. हातानं काही घडवलं की डोकंही चालतं, हा विचार या बाजूच्या मातीत असा आधीच रुजलेला आहे. त्यासाठी पुण्याहून कुणाला बोलवायची गरज नाही.

मग नातेपुत्यातल्या शिबिराला सामान काय लागेल?

रंगांपासून सुरुवात करू. गावात दोन जमिनी असतात असं जुनी माणसं म्हणत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. मुलांना घेऊन एका सकाळी शिवारात फिरलं तर याच दोन शब्दांचे आठ रंग होतात. कालव्याखालची काळीभोर चिकण माती, डोंगराकडची तांबूस, विहिरीच्या उपशातला पिवळसर मुरूम, पडक्या वाड्याच्या भिंतीची राखाडी पांढरी. प्रत्येकीची पूड करायची, फडक्यातून चाळायची, डब्यात भरायची. किराणा दुकानातून काव आणायची. चुलीवरच्या भांड्याची काजळी खरवडायची. हळद घरातलीच.

एवढं झालं तरी पूड कागदाला धरत नाही. वाळली की झडते. तिला धरून ठेवणारं काही हवं. ते बांधावरच्या बाभळीवर लटकलेलं असतं. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवला, गाळला आणि पुडीत खलला की जलरंग तयार. जगभरचे चित्रकार ज्या ‘गम अरॅबिक’मध्ये जलरंग घोटतात तो डिंक सुदानकडच्या एका बाभूळवर्गीय झाडाचाच असतो. म्हणजे विलायती रंगाच्या वडीतली निम्मी विद्या नातेपुत्याच्या बांधावर आहे. ब्रश हवा असेल तर लिंबाची काडी, दातवणासारखी टोकाला चावून घेतलेली. वारली चित्रकार बांबूची काडी अशीच चावून कुंचला करतात आणि तांदळाच्या पिठानं पांढरं काढतात. जिव्या सोमा मशे यांनी याच साधनांनी काढलेली चित्रं परदेशातल्या कलादालनांत लागली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

हळदीत चिमूटभर पानाचा चुना पडला की पिवळ्याचं लाल होतं. मोठ्या माणसानं करून दाखवावं, चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये. त्यानंतरचा प्रयोग मात्र मुलांनीच करावा, आणि त्याला आठ दिवस लागतात. एका कागदावर हळदीचा पट्टा ओढायचा, शेजारी कावेचा. अर्धा कागद पुठ्ठ्याखाली झाकून गच्चीवर उन्हात ठेवायचा. मे महिन्याचं सोलापुरी ऊन, पारा चाळिशीच्या वर. आठवडा संपायच्या आत हळद फिकुटते, काव जशीच्या तशी. हळदीचा रंग वनस्पतीचा, उन्हानं त्याचे कण तुटतात. काव म्हणजे लोखंडाचा गंज, त्याला ऊन काय करणार? अजिंठ्याच्या भिंतींवरचे तांबडे-पिवळे रंग दीड हजार वर्षं टिकले ते अशाच मातीच्या रंगांमुळे. तिथला निळा तेवढा फार लांबून आला, अफगाणिस्तानातल्या खाणींमधल्या लाजवर्द दगडाचा. एकदा हे हातानं करून बघितलेलं मूल अजिंठ्याला गेलं की भिंतीजवळ जरा जास्त वेळ थांबेल.

मातीकाम शिकवायला पुस्तक नकोच. या भागात पोळ्याऐवजी बेंदूर. आषाढात घरोघरी मातीचे बैल येतात, आणि कुंभाराकडून विकत आणण्याआधी पोरं स्वतः करायची. दिवाळीतला किल्ला हीसुद्धा मुलांनी मुलांसाठी चालवलेली कार्यशाळाच: दगड, माती, शेण, अळीव पेरून उगवलेलं हिरवं रान. त्यात मास्तर नसतो आणि परीक्षकही नसतो. शिबिर घेणाऱ्यांनी किल्ला करणाऱ्या टोळीकडे एकदा नीट बघून घ्यावं.

मेंढरांच्या प्रदेशात लोकरीला विसरून चालणार नाही. काळी, पांढरी, करडी लोकर; चातीवर ओढलेलं सूत; खड्डामागावर विणलेलं घोंगडं. सुताला ताठरपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ देतात. तीच खळ शिबिरात कागद चिकटवायला डिंकाच्या बाटलीऐवजी चालते, आणि चिंचोके तर सुटीत पोरांच्या खिशात असतातच. कुणी जाणता गजी नृत्याचे दोन फेर दाखवायला आला, धनगरी ओवी म्हणायला आला, तर त्याला ‘पाहुणे कलाकार’ म्हणू नये. तो गावचाच आहे.

आता माळ. नातेपुत्याच्या दक्षिणेला पाणी संपतं तिथे माळ सुरू होतो. मे महिन्यात तो करपलेला दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, इथे काही नाही. इथेच निसर्गशिबिरांची सगळ्यात लाडकी चूक होते: बीजगोळे. मुलांकडून शेणामातीचे गोळे करून घ्यायचे, त्यात बिया कोंबायच्या आणि माळावर भिरकवायचे. फोटो छान येतो. पण माळ म्हणजे उजाड जंगल नव्हे. गवताळ माळ ही स्वतःच एक वस्ती आहे. पावसानंतर चारच महिने ती हिरवी असते, उरलेले आठ महिने पिवळी, आणि तिच्यावर जगणाऱ्यांना तशीच हवी असते. याच जिल्ह्यात नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. माळढोकाला झाडी नको, मोकळं गवत हवं. आज तिथे एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. झाडं जरूर लावावीत. शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, पालखी मार्ग चौपदरी होताना जिथली जुनी सावली गेली तिथे. माळाला माळ राहू द्यावं.

करपलेल्या माळावर मे महिन्यात काय घडत असतं ते बघायला सकाळी लवकर जावं लागतं. टिटवीची अंडी याच दिवसांत. घरटं म्हणावं असं काही नसतं. खड्यांमध्ये उथळ खळगा आणि त्यात मातीच्याच रंगाची, काळे ठिपके असलेली चार अंडी. दोन हातांवरून बघितलं तरी दिसत नाहीत. ऊन तापलं की टिटवी पाणी गाठते, पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. अंडी उबवण्यापेक्षा गार ठेवण्याचीच तिला जास्त काळजी. माणूस जवळ आला की ती ‘टिटिव टिटिव’ करत डोक्यावर घिरट्या घालते. तो आरडाओरडा ऐकला की मुलांनी मागे फिरावं. अंडी शोधत पुढे जाऊ नये. पंचवीस पोरांचे पन्नास पाय त्या खळग्याला पुरून उरतील. लांबून, एकाच जागी बसून, पंधरा मिनिटं टिटवी कुठे उतरते ते बघायचं आणि नंतर आठवून काढायचं. फोटो नाही. आठवून काढलेल्या टिटवीचे पाय लांब होतील, डोकं मोठं होईल, हरकत नाही. डोळ्याजवळचं लाल की पिवळं हे ज्याच्या लक्षात राहिलं त्यानं बघितलं. पिवळं असेल तर ती माळटिटवी.

ओढ्याच्या दरडीत वेडा राघू बीळ करून राहतो, विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे गेल्या वर्षीचे खोपे लोंबत असतात. वाऱ्यानं खाली पडलेला एखादा खोपा मिळाला तर शिबिराची एक सकाळ त्यावर जाते. किती धागे, कुठल्या गवताचे, गाठ कशी मारली आहे? कागदाच्या पट्ट्या घेऊन तसं विणून बघा म्हटलं की दहा बोटांचे लोक हरतात. मराठीनं या पाखराला बाईचं नाव दिलं, बहिणाबाईंच्या कवितेनं ते घराघरांत नेलं; विणतो मात्र नर. तो अर्धा खोपा विणतो, मादी येऊन आतबाहेर बघते, पसंत पडला तर राहते, नाहीतर त्याचं अर्धं घर तसंच लटकत राहतं. सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला समुद्रकाठी बसून सुगरणीचा हा संसार टिपला आणि त्यातूनच त्यांच्या नावाचा बोलबाला सुरू झाला. तेही एका जागी बसून बघणंच होतं.

सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. वनखात्यात नोकरी करता करता त्यांनी आदिवासी, फासेपारधी, मासेमार यांच्या तोंडची पाखरांची आणि झाडांची नावं गोळा केली. ‘पक्षीकोश’ त्यातूनच झाला. उतारवयात ते सोलापूरला परतले, २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. शिबिरातल्या पोरांनी आपापल्या आजीकडून पाच पाखरांची नावं विचारून आणावीत, एवढं साधं काम चितमपल्लींच्या वाटेवरचं आहे. पाचातली दोन नावं कुठल्याच पुस्तकात सापडणार नाहीत.

डेन्मार्कमध्ये पन्नासच्या दशकात जंगलातल्या बालवाड्या सुरू झाल्या आणि पुढे युरोपभर पसरल्या. तिथली मुलं बर्फातही बाहेर असतात. कपडे नीट घातले की हवामान आड येत नाही असा त्यांचा हिशेब. आपल्याकडे हा हिशेब उलटा पडतो. बेचाळीस अंशांना कुठलाच कपडा पुरत नाही. इथे वेळच पाळावी लागते. सकाळी साडेसहाला जमायचं, साडेआठपर्यंत बाहेर, नंतर चिंचेच्या सावलीत किंवा मंदिराच्या मंडपात हाताचं काम, आणि साडेदहाला घर. प्रत्येकाच्या डोक्याला टोपी किंवा उपरणं, माठ भरलेला, मीठ-साखर-लिंबाचं पाणी तयार. दगड उलटायचा तो काठीनं आणि आपल्याकडे उलटायचा, म्हणजे खाली विंचू असेल तर तो पलीकडे पळतो. विहीर आणि कालवा शिबिराच्या वाटेवर नको. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकणं ही उन्हाळ्याची मोठी मजा खरीच. ती काकानं-मामानं करवावी, वीस पोरं सांभाळणाऱ्या ताईनं नाही. साडेदहाला घरी पोचवणाऱ्या शिबिराचा आणखी एक फायदा गावातली माणसं न सांगता ओळखतात: मुक्कामी शिबिराला न पाठवलेल्या मुली इथे येतात.

सकाळचे दोन तास बाहेर राहिल्यानं काय होतं, याचं एक उत्तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आहे. चीनमधल्या ग्वांगझूत बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत मुलांना रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांनी बघितलं तर नेहमीच्या शाळांत शंभरातल्या साधारण चाळीस मुलांना लांबचं दिसण्यासाठी चष्म्याची गरज निर्माण झाली होती, बाहेर काढलेल्या शाळांत तीसच मुलांना. औषध नाही, यंत्र नाही, नुसता उजेड. अमेरिकन लेखक रिचर्ड लूव्ह यांनी २००५ साली ‘निसर्ग-वंचित’ मुलांवर पुस्तक लिहिलं तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. नातेपुत्यातलं पोर अजून तेवढं वंचित नाही. पण मोबाइल आला आहे, आणि मे महिन्यातली दुपार मोठी असते.

चालवणार कोण? जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना सुटीतही कामं असतात. माध्यमिक शाळेत चित्रकलेचे सर असले तर त्यांचा वेळ बराचसा एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या तयारीत जातो, कारण त्याचे वाढीव गुण दहावीला मिळतात. राज्य सरकारनं २०२४ साली पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. कागदावर जागा झाली आहे. पण अशा शिबिराला तज्ज्ञ लागतो हा समज आधी सोडावा. अरविंद गुप्ता आय.आय.टी.चे इंजिनिअर, मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या खेड्यांत विज्ञान शिकवण्याच्या कामात पडले, तिथे त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीचे आकार करायला सुरुवात केली. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी करत राहिले. त्यांची पुस्तकं मराठीतही फुकट वाचायला मिळतात. बारावी झालेल्या दोन मुली, एक निवृत्त गुरुजी, एक कुंभार, एक घोंगडीवाला आणि मेंढरं राखणारं एक पोर एवढ्या माणसांवर दहा दिवसांचं शिबिर उभं राहू शकतं.

एखादी सहल हवीच असेल तर पाणी-उद्यानात नेण्याआधी वेळापूरचा विचार करावा. पालखीच्याच वाटेवरचं गाव, तालुक्यातलंच. तिथलं यादवकालीन अर्धनारीनटेश्वराचं मंदिर म्हणजे दगडात कोरलेली चित्रवही. मुलांना खांबांवरची एकेक नक्षी वाटून द्यावी आणि तासभर बसवावं. जरा लांब जायची तयारी असेल तर खटाव तालुक्यातलं औंध. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ साली टेकडीवर संग्रहालय उघडलं. त्या आडगावात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि इंग्लंडच्या हेन्री मूरचं दगडी शिल्पसुद्धा. सूर्यनमस्कारांचा प्रचार करणाऱ्या या राजाला चित्र आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या नव्हत्या.

शेवटच्या दिवसाचं काय, हा प्रश्न पालक पहिल्याच दिवशी विचारतात. मुलानं काय ‘केलं’ ते दाखवायला हवं ना! मग दोरी बांधून चिमट्यांनी सगळ्यांची चित्रं लावावीत. निवडून नव्हे, सगळ्यांची. त्यात काही त्रिकोणी डोंगर असतील. सवय दहा दिवसांत जात नाही. पण दोन-चार कागदांवर डोंगराचा माथा सपाट झालेला असेल, अंगावर आडव्या रेघा आलेल्या असतील, आणि कुणीतरी सूर्य कागदाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला असेल.

तारखा ठरवताना १२ मे शिबिरात येईल एवढं बघावं. त्या दिवसाच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या दोन-तीन मिनिटं आधी, सूर्य नातेपुत्याच्या बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. दिल्लीकरांना हे कधीच दिसत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे. महाराष्ट्रात मात्र गावागणिक तारीख एक-दोन दिवसांनी सरकते. वर्षातून असे दिवस दोनदा येतात, पण दुसरा जुलैअखेरीस, ढगांच्या आड. या एका दिवसापुरती साडेदहाची वेळ मोडायला हरकत नाही. सकाळपासून दर तासाला मंडपाच्या फरशीवर काठीची सावली खडूनं आखत जायची. ती आखडत येते, कलते, आणि मग नाहीशी होते. काठी ओळंब्यात उभी हवी, तिरपी असेल तर सावली राहतेच. ओळंबा गावातल्या कुठल्याही गवंड्याकडे मिळेल. दुपारच्या सुटीत मागितला तर तो स्वतःच बघायला येईल.